चर्च म्हणजे कोण, मॅडम?

मागच्या बाजाराच्या दिवशी दारव्ह्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत बसले होते. शेजारी एक बाई येऊन टेकली, कडेवर पोरगं, हातात भाजीची थैली. "मॅडम, वळखलं काय मले?" मी लगेच ओळखलं. चौतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यात कितीतरी चेहरे पुसले गेले, पण काही प्रश्न मनातून जात नाहीत. हिचा प्रश्न तसा होता.

नववीचा वर्ग, वर टिनाचं छप्पर, दुपारचा तास. पुस्तकात मध्ययुगीन युरोपवर दोन-चार ओळी होत्या. मी त्या वाचल्या, "मध्ययुगात युरोपवर चर्चची सत्ता होती," आणि पान उलटणार तेवढ्यात ही उभी राहिली. "मॅडम, चर्च म्हंजे कोन?" पोरं हसली. मी म्हणाले, "चर्च म्हणजे धर्मसंस्था, बस खाली." ती बसली. तिने 'काय' विचारलं नव्हतं, 'कोण' विचारलं होतं. सत्ता असेल तर ती कुणीतरी माणूस चालवत असणार, एवढं त्या पोरीला कळलं होतं, आणि मला त्या माणसांपैकी एकाचंही नाव नीट सांगता आलं नसतं. त्या दिवशी मी तिला खाली बसवलं याचं मला आजही वाईट वाटतं.

निवृत्तीनंतर वाचायला घेतलं. मुलीने टॅब आणून दिला. त्या काळच्या माणसांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं इंग्रजीत मिळतात, ती शब्दकोश घेऊन एकेक पान वाचली. वावरात माणसं लावून आलं की दुपारी तेच काम. स्टँडवर मी तिला सांगायला सुरुवात केली, पण गोष्ट ऐन मोक्यावर आली आणि गाडी लागली. ती मोबाइलवर वाचते म्हणाली, म्हणून राहिलेलं इथे लिहिते आहे. सुरुवातीपासूनच लिहिते, म्हणजे तुम्हालाही लागेल.

पोपची नावं सांगून हा प्रश्न सुटला असता. सातवा ग्रेगरी होता, ज्याच्या दारात जानेवारी १०७७ मध्ये जर्मनीचा राजा चौथा हेन्री तीन दिवस बर्फात अनवाणी उभा राहिला, कानोसाच्या किल्ल्याबाहेर. तिसरा इनोसंट होता, ज्याने १२१५ मध्ये रोमला लॅटरनची मोठी परिषद भरवली. ही नावं मोठीच आहेत. पण मला जी माणसं भेटली ती बाराव्या शतकातली, फ्रान्समधली, दोन मठांची. त्यांच्यापाशी मी थांबले ती थांबलेच.

पहिला बर्नार्ड. १०९० चा जन्म, दिजाँजवळच्या फोंतेन गावचा, सरदाराच्या घरचा. त्या वेळी सितो नावाच्या जागी नवा मठ निघाला होता, १०९८ मध्ये. दलदलीचं रान, मोजके साधू, नियम फार कडक. १११३ च्या सुमारास बर्नार्ड तिथे गेला तो एकटा गेला नाही, तीसेक नातेवाईक आणि मित्र सोबत घेऊन गेला. त्यात त्याचे सख्खे भाऊ होते, पुढे बापही आला. माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याचं घरदार सुटायचं, असं त्याच्याबद्दल सांगतात.

त्याच्या चरित्रातला एक प्रसंग मी वर्गात सांगितला असता तर आमच्या पोरांना तो लगेच कळला असता. भाऊ घर सोडून निघाले. धाकटा निवार अंगणात पोरांसोबत खेळत होता. थोरला म्हणाला, "निवार, आता ही सगळी जमीन तुझी." पोरगा म्हणाला, "म्हणजे स्वर्ग तुम्हाला आणि जमीन मला? ही वाटणी बरोबर झाली नाही." मोठा झाल्यावर तोही मागोमाग मठात गेला. वाटणीच्या नावाने आमच्या भागात किती घरं फुटली, किती भाऊ एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिकडे एक पोरगा म्हणतो, मला जमीनच आली, मी ठगलो. हे वाचून मी टॅब बाजूला ठेवला होता.

१११५ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, बर्नार्डला बारा साधू देऊन नवा मठ काढायला पाठवलं. जागेचं नाव होतं कडू दवण्याचं खोरं. त्याचं नाव पडलं क्लेरव्हो, उजेडाचं खोरं. पहिले हिवाळे असे गेले की सातू, बाजरीसारखं भरड धान्य आणि जनावराच्या दाण्याची भाकर, आणि बीच झाडाचा पाला उकडून भाजी. बर्नार्डचं पोट तिथेच कायमचं बिघडलं. प्रार्थनेच्या वेळी ओकारी यायची, म्हणून त्याच्या बसण्याच्या जागेजवळ जमिनीत खड्डा खणून ठेवला होता. अशा शरीराचा हा माणूस पुढे तीस वर्षं राजांना आणि पोपांना पत्रं लिहून सांगत होता की काय करा. ११३० मध्ये एकाच वेळी दोन पोप निवडले गेले, तेव्हा दुसरा इनोसंट खरा म्हणून राजे-रजवाड्यांना वळवणारा मुख्य माणूस बर्नार्ड. ११४५ मध्ये त्याच्याच मठात साधू राहिलेला माणूस तिसरा यूजीन या नावाने पोप झाला, आणि बर्नार्डने त्यालाही उपदेशाचा मोठा ग्रंथ लिहून पाठवला. ११५३ मध्ये तो गेला तेव्हा सितोच्या पंथाचे मठ ३४० च्या वर गेले होते. हे मठ स्वतः शेती करायचे. ओढे वळवायचे, रान मोडायचे, मेंढ्या पाळायचे. लोकर न रंगवता तशीच विणून घालायचे म्हणून त्यांना पांढरे साधू म्हणत. पुढे शंभर-दीडशे वर्षांनी इंग्लंडमधले त्यांचे मठ इटलीच्या व्यापाऱ्यांना अनेक वर्षांची लोकर आधीच विकून पैसे उचलायला लागले. मग मेंढ्यांवर खरजेचा रोग आला आणि मठ कर्जात बुडाले. उभ्या पऱ्हाटीवर सौदा करून सावकाराकडून पैसे उचलणं काय असतं हे यवतमाळ जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा मठ क्लूनी. हा काळ्या साधूंचा, जुना, ९१० च्या सुमारास स्थापन झालेला. मठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिद्धपूर येतं. क्लूनीचा पसारा त्याहून कितीतरी मोठा होता. गावं, द्राक्षमळे, पाणचक्क्या, देशोदेशी शेकडो शाखा. १०८८ मध्ये त्यांनी जे देऊळ बांधायला घेतलं ते पूर्ण झालं तेव्हा १८७ मीटर लांब होतं. पुढे चारशेहून जास्त वर्षं सगळ्या ख्रिस्ती जगात त्याच्याएवढं मोठं दुसरं नव्हतं. बर्नार्डला हे सहन होत नव्हतं. ११२५ च्या सुमारास त्याने क्लूनीच्या थाटावर जे लिहिलं ते आजही झोंबतं. जेवणात एका अंड्याचे किती प्रकार, हे तो मोजून सांगतो. उलटायचं, पालटायचं, मऊ उकडायचं, कडक उकडायचं, बारीक करायचं, तळायचं, भाजायचं, सारण भरायचं. आणि मग तो म्हणतो, चर्च आपल्या दगडांना सोन्याने मढवतं आणि आपल्या लेकरांना उघडं ठेवतं. मी हे वाचताना मोठ्या देवस्थानांचे कळस आठवले, आणि त्याच रस्त्यावर उन्हात झोपलेली वेचणीची माणसंही. या बाबतीत बर्नार्ड खरा होता असंच मी म्हणेन.

पण क्लूनीत तेव्हा जो माणूस प्रमुख होता तो अंडी खाणारा सुस्त माणूस नव्हता. त्याचं नाव पीटर. लोक त्याला पूज्य पीटर म्हणत. ११२२ मध्ये जेमतेम तिशीत त्याच्या गळ्यात क्लूनी पडलं, आणि काय पडलं! मठात तीनेकशे साधू, आणि उत्पन्न शंभरांनाही पुरेना, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. त्यात आधीचा प्रमुख पाँस, ज्याने पद सोडलं होतं, तो ११२६ मध्ये पीटर बाहेरगावी असताना हत्यारबंद माणसं घेऊन परत आला, मठ बळकावला, आणि माणसांचे पैसे चुकवायला देवळातलं सोनं वितळवलं. पीटरने ते सगळं निस्तरलं, नियम सुधारले, गावागावाच्या उत्पन्नाची मोजणी करवली. बर्नार्डच्या टीकेला त्याने उत्तरं दिली, पण चिडून नाही. एका पत्रात त्याला दुःख याचं आहे की पांढरा साधू आणि काळा साधू वाटेत भेटले तर एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघतात. कपड्याच्या रंगावरून! दोघं आयुष्यभर भांडले, आणि आयुष्यभर एकमेकांना मित्र म्हणत राहिले.

आता गाडी जिथे लागली तिथे आले.

तिसरा माणूस अबेलार. त्याचंही पहिलं नाव पीटरच, पण मी त्याला अबेलारच म्हणते. १०७९ चा जन्म, ब्रिटनीच्या कडेचा, पॅरिसला आलेला आणि तिथल्या सगळ्या पंडितांना वादात हरवणारा. एलोइज नावाच्या अतिशय विद्वान मुलीला शिकवायला तिच्या काकाच्या घरी राहिला, दोघांचं प्रेम जमलं, मुलगा झाला, त्याचं नाव आस्त्रोलाब. चोरून लग्न केलं. काकाने रात्री माणसं पाठवून अबेलारला नपुंसक करवलं. नंतर तो साधू झाला, ती साध्वी झाली. ही गोष्ट जगभर सांगतात, म्हणून मी तिच्यावर जास्त थांबत नाही. मला त्याचं दुसरं एक काम जास्त आवडतं. त्याने १५८ प्रश्न मांडले आणि प्रत्येकाखाली जुन्या आचार्यांची परस्परविरोधी वचनं ओळीने लावून दिली. उत्तर दिलंच नाही. विद्यार्थ्याने विचार करावा. माझ्या वर्गात असा शिक्षक असता तर त्या पोरीला कुणी खाली बसवलं नसतं.

११२१ मध्ये स्वासाँच्या परिषदेत त्याला स्वतःच्या हाताने स्वतःचं पुस्तक आगीत टाकायला लावलं. तरी तो शिकवत राहिला. मग बर्नार्ड त्याच्या मागे लागला. बर्नार्डला वाटे की हा माणूस देवाचं गूढ तर्काच्या चिमट्यात धरतो आणि पोरांची श्रद्धा मोडतो. ११४० च्या सुमारास सांस गावी सभा ठरली. अबेलारला वाटलं समोरासमोर वाद होईल. वाद हेच त्याचं हत्यार. पण आदल्या रात्रीच बर्नार्डने बिशपांना, म्हणजे त्या त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखांना, एकत्र करून अबेलारच्या वाक्यांची यादी वाचली आणि ती पाखंडी ठरवून घेतली. सकाळी राजासमोर, भरल्या सभेत, त्याला विचारलं ते एवढंच, की ही वाक्यं तुझी आहेत का, टाकून देतोस का. साठीच्या घरातला तो माणूस, ज्याने उभ्या पॅरिसला बोलून जिंकलं होतं, एक शब्द बोलला नाही. "मी रोमला पोपकडे दाद मागतो," एवढं म्हणाला आणि सभेतून निघून गेला.

"मंग?" तिने विचारलं, आणि गाडी लागली.

मग तो रोमच्या वाटेला लागला. आजारी, वय झालेलं. वाटेत क्लूनी लागतं. तिथे त्याला कळलं की रोमने निकाल दिला आहे. पोपने त्याला दोषी ठरवलं, कायमचं मौन लादलं. दाद मागायची जागाच उरली नाही.

इथे मला आमच्या ओसरीबद्दल सांगायचं आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, त्यांच्या चुलत भावाशी धुऱ्यावरून कोर्टात केस चालू होती. दीड हात जमीन. नऊ वर्षं चालली. त्या भावाने, म्हणजे आमच्या काकाजींनी, वकिलासाठी बैलजोडी विकली. निकाल मामाजींच्या बाजूने लागला. काकाजींची पोरं कामाला शहरात गेली ती गेलीच, म्हाताऱ्याकडे वळून पाहिलं नाही. त्या साली सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली होती. संध्याकाळी मी कापूस झाकत होते, तर काकाजी हातात पिशवी घेऊन आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसले. काही बोलले नाहीत. आम्हीही काही विचारलं नाही. मामाजी वावरातून आले, त्यांनी एकदा पाहिलं, पाय धुतले आणि आत येऊन मला म्हणाले, "सूनबाई, एक ताट जास्तीचं करजो."

सासूबाईंना राहवलं नाही. "नऊ वर्सं कोर्टात उभं केलं यानं."

मामाजी म्हणाले, "कोर्ट दारव्ह्यात हाय. हे घर हाय."

त्यांनी स्वतः आतली खाट बाहेर काढली आणि ओसरीच्या त्या कोपऱ्यात टाकली जिथे हिवाळ्यात सकाळचं ऊन सगळ्यात आधी येतं. काकाजी त्या खाटेवर चौदा महिने राहिले. दिवसभर अंबाडीचे दोर वळत बसायचे. ओला वाक मांडीवर घ्यायचा, तळहाताने पीळ द्यायचा, दुसऱ्या हाताने ओढायचा. मांडीवरची कातडी त्याने गुळगुळीत झाली होती. आमच्या गोठ्यातले सगळे दावे, बंडीचे सगळे दोर त्यांनी नवे करून दिले. मी चहा नेऊन दिला की खाली ठेव म्हणायचे, दोर सुटेल म्हणून. चौदा महिन्यांत मामाजींच्या तोंडून धुऱ्याचा शब्द निघाला नाही. काकाजी चुकले होते हे त्यांनी बदललं नाही, आणि बोलून दाखवलंही नाही. पौषात काकाजी गेले तेव्हा मडकं मामाजींनीच धरलं.

म्हणून पीटरचं पोपला लिहिलेलं पत्र वाचलं तेव्हा मला कुणी वेगळं समजवायची गरज पडली नाही. अबेलार क्लूनीच्या दारात आला तेव्हा पीटरने त्याला आत घेतलं. एवढ्या मोठ्या मठाच्या प्रमुखाने, दोषी ठरलेल्या माणसाला, ज्याला दोषी ठरवणारा आपलाच मित्र होता. नंतर सितोचा प्रमुख मध्ये पडला, अबेलार बर्नार्डकडे जाऊन भेटून आला, समेट झाला. आणि मग पीटरने पोपला लिहिलं की या माणसाला उरलेले दिवस इथेच काढू द्या, ते आता फार नाहीत. चिमणीला जसं छप्पर सापडतं, होल्याला जसं घरटं सापडतं, तसं त्याला हे घर सापडलं आहे, इथून त्याला कुणी हाकलू नये. चिमणी आणि होला हे बायबलच्या स्तोत्रातलं आहे. पण आमच्या ओसरीच्या वळचणीला होल्याची जोडी दरवर्षी घरटं करते, आणि मामाजी ते काढू देत नसत.

मठात अबेलारला वरची जागा दिली होती, पण तो अगदी साध्या कपड्यात वावरायचा असं पीटर लिहितो. मिरवणुकीत तो एवढ्या गबाळ्या वेशात चालायचा की पीटर थक्क व्हायचा. सतत वाचायचा, प्रार्थना करायचा, कुणी विचारलं तरच बोलायचा. अंगाला खाज सुटली, दुखणी वाढली, तेव्हा पीटरने त्याला हवा चांगली म्हणून शालाँजवळ सोन नदीकाठच्या सेंट मार्सेलच्या मठात पाठवलं. तिथेही पुस्तकांवर वाकलेला असायचा. २१ एप्रिल ११४२ ला तो तिथे वारला.

पुढचं मला सगळ्यात भिडलं. एलोइज तेव्हा पॅराक्लीट नावाच्या साध्वींच्या मठाची प्रमुख होती. तो मठ अबेलारनेच उभा करून तिला दिला होता. पीटरने तिला पत्र लिहिलं, त्याच्या शेवटच्या दिवसांचं एक-एक बारीक सांगितलं, जसं घरच्या माणसाला सांगतात. आणि मग त्याचं प्रेत गुपचूप काढून स्वतः घेऊन गेला आणि तिच्या स्वाधीन केलं. एवढा मोठा माणूस, लपूनछपून, एका दोषी माणसाचं शरीर त्याच्या बायकोकडे पोचवायला!

एलोइजने नंतर त्याला पत्र लिहिलं. आधी आभार मानले. मग मागितलं की अबेलारच्या पापांची माफी झाली असं उघडं पत्र, तुमची मोहर लावून द्या, मी ते थडग्यावर टांगते. आणि शेवटी, आमच्या आस्त्रोलाबसाठी कुठल्यातरी बिशपकडे एखादी जागा पाहा. मी इथे हसले आणि रडलेही. युरोपातली एवढी विद्वान बाई, आणि पत्राच्या शेवटी पोराच्या नोकरीचं. माझ्या ओळखीतली कुठली आई हे लिहिणार नाही? पीटरने मोहरेचं पत्र पाठवलं. त्यात त्याने उघड लिहिलं की अबेलारला क्लूनीचा साधू म्हणून मी घेतलं, त्याचं शरीर गुपचूप नेऊन एलोइजला दिलं, आणि माझ्या पदाच्या अधिकाराने त्याला सगळ्या पापांतून सोडवतो. पोराचं बघतो म्हणाला, पण बिशप लोक अशा जागा द्यायला फार आढेवेढे घेतात असंही कळवलं.

एवढंच सांगून थांबले असते तर पीटर देव झाला असता आणि बर्नार्ड दुष्ट. ते मला जमणार नाही, कारण वाचलं ते वाचलं.

११४६ मध्ये ३१ मार्चला वेझलेच्या माळावर बर्नार्डने मुसलमानांविरुद्धच्या दुसऱ्या धर्मयुद्धासाठी भाषण केलं. लोकांना वाटायला आणलेले कापडाचे क्रूस संपले तेव्हा त्याने स्वतःच्या अंगावरचा झगा फाडून क्रूस केले. ते युद्ध ११४८ मध्ये दमास्कसपुढे मोडून पडलं, हजारो माणसं फुकट मेली, तो भार त्याच्यावर आहेच. पण त्याच वेळी राइन नदीकाठी राडुल्फ नावाचा एक साधू लोकांना यहुद्यांच्या कत्तलीला चिथावत फिरत होता. बर्नार्डने पत्रं लिहिली, मग पोट धरून स्वतः जर्मनीला गेला, त्या साधूला गप्प करून मठात परत पाठवलं. त्या वेळच्या यहुदी लेखकानेही बर्नार्डचे उपकार लिहून ठेवले आहेत.

आणि पीटर? ज्याने मुसलमानांचा धर्म कळावा म्हणून स्पेनमध्ये विद्वान लावून ११४३ मध्ये कुराणाचं पहिलं लॅटिन भाषांतर करवून घेतलं, ज्याने त्यांना उद्देशून लिहिलं की मी तुमच्याकडे हत्याराने नाही, शब्दाने येतो, द्वेषाने नाही, प्रेमाने येतो, त्याच पीटरने यहुद्यांविरुद्ध असा ग्रंथ लिहिला की वाचताना अंगावर काटा येतो. त्यांना माणूस म्हणावं का, अशी शंका घेतो. त्यांना मारू नका पण त्यांचा पैसा काढून युद्धाला लावा, असं राजाला पत्र लिहितो.

मला हे वाचून फार त्रास झाला. दोन दिवस पुढे वाचवेना. मग मामाजींचीच एक गोष्ट आठवली, जी मी घरात कधी बोलले नाही. हरलेल्या चुलत भावाला खाट टाकून देणाऱ्या याच माणसाने स्वतःच्या दोन बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या होत्या. आत्याबाई राखीला आल्या, जेवल्या, सही केली, लुगडं घेऊन गेल्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी नवी सून, दाराआड उभी होते. मलाही त्या दिवशी बोलता आलं नाही. मामाजींची ओसरी खोटी नव्हती आणि ती सहीही खोटी नव्हती.

त्या पोरीला शेवटी एक बाई सांगायची आहे, कारण तिने विचारलंच असतं की यात सगळे बाप्येच काय.

हिल्डेगार्ड. १०९८ चा जन्म, राइनकाठची. साध्वींच्या मठाची प्रमुख. संगीत रचणारी, वनस्पती-औषधींवर लिहिणारी, आणि लहानपणापासून उजेडाचे साक्षात्कार पाहणारी. ते लिहावेत की नाही हे ठरेना, म्हणून तिने बर्नार्डलाच पत्र लिहून विचारलं होतं. पुढे तिचं लिखाण पोप यूजीनसमोर त्रीअरला वाचलं गेलं आणि तिला परवानगी मिळाली. मग तिने राजांना, बिशपांना, कुणालाही लिहायचं सोडलं नाही.

ऐंशीव्या वर्षी, ११७८ मध्ये, तिने मठाच्या स्मशानात एका माणसाला पुरू दिलं. तो एकेकाळी बहिष्कृत होता. मरण्याआधी त्याचा समेट झाला आहे, त्याने कबुली देऊन प्रसाद घेतला आहे, हे तिला माहीत होतं. माइन्झ शहरातल्या चर्चच्या वरिष्ठांनी हुकूम पाठवला की प्रेत उकरून बाहेर फेका, नाहीतर मठात प्रार्थनेचं गाणं बंद. मढं कुठे ठेवायचं, कुणाच्या जागेत जाळायचं, यावरून आमच्या भागातली भांडणं ज्याने पाहिली त्याला या हुकुमाचं वजन कळेल. हिल्डेगार्डने उकरलं नाही. ऐंशी वर्षांची म्हातारी आपली काठी घेऊन स्मशानात गेली आणि त्या थडग्याच्या खुणा तिने काठीने मोडून जमिनीशी सारख्या केल्या, म्हणजे कुणी शोधायला आलं तरी ते सापडू नये.

गाणं बंद झालं. जिने आयुष्यभर गाणी रचली तिच्या मठात साध्वी नुसत्या पुटपुटत प्रार्थना म्हणायला लागल्या. तिने वरिष्ठांना लांब पत्र लिहिलं, देवाची स्तुती गाण्यातून काढून घेणाऱ्यांना वर काय जागा मिळेल हे सांगितलं. मार्च ११७९ मध्ये बंदी उठली. सप्टेंबरमध्ये ती गेली. मधले सहा महिने त्या मठात गाणं चालू होतं.

काकाजींची खाट अजून ओसरीत आहे. दोर दोनदा बदलला, लाकूड तेच. पुढच्या बाजाराला ती भेटली तर म्हणणार आहे की स्टँडवर नको, घरी ये, पोराला खाटेवर झोपव आणि काय विचारायचं ते विचार.